शिपायाच्या भाकरीचा प्रश्न

गतकाळाविषयी आम्हांला पडणारे प्रश्न पुष्कळदा मोठे गमतीचे असतात. चिलखत चढवलेला स्वार भर उन्हात तग कसा धरीत असे? मोहिमेवर निघालेले सैन्य रोज खात काय असे? राजांच्या वंशावळीपेक्षा असल्या प्रश्नांतच मन अधिक रमते. मात्र संत ऑगस्टिन यांनी ‘कन्फेशन्स’च्या दहाव्या भागात कुतूहलाला डोळ्यांची वासना म्हणून दोष दिला आहे. छिन्नविच्छिन्न प्रेत पाहण्यात सुख नसते, तरी माणसे ते पाहायला धावतात, असे ते म्हणतात. युद्धाविषयीचे आमचे कुतूहलही त्याच जातीचे मानावे काय?

परभणी जिल्ह्यातील पाथरीचेच पाहा. निजामशाहीचा संस्थापक मलिक अहमद याचा पिता जन्माने ब्राह्मण. बहमनी फौजेने त्याला बालपणी विजयनगरच्या मुलखातून पकडून नेले, असे फिरिश्ता सांगतो. घराण्याचे मूळ पाथरीचे. म्हणून बुऱ्हाण निजामशहाने वऱ्हाडच्या इमादशहाकडे पाथरी मागितली, बदल्यात दुसरे ठिकाण देऊ केले आणि नकार येताच १५१८ साली ती बळाने घेतली. पुढे इमादशहाने ती परत जिंकली व पुन्हा गमावलीही. पूर्वजांच्या ओढीपायी एका गावावर तीनदा फौजा आल्या!

येथे स्वार किती होते, असे विचारणारा आकडा मिळाला की थांबतो. ते खात काय होते, असे विचारणाऱ्याला मात्र थांबता येत नाही. गोदाकाठच्या या काळ्या जमिनीत ज्वारी पिकते. माणसाला भाकरी हवी, घोड्याला दाणा हवा. लष्करामागून धान्याने लादलेल्या बैलांचे तांडे घेऊन लमाण चालत. १८०३ च्या असईच्या मोहिमेत इंग्रज सेनापती वेलस्लीचीही भिस्त त्यांच्यावर होती. तांडा पोहोचला नाही, की शिपाई कुणब्याच्या पेवाकडे वळे. शिवाय ज्वारी दळायला हवी. गंगाखेड ही संत जनाबाईंची जन्मभूमी मानली जाते. त्यांच्या नावाशी जाते कायमचे जोडलेले आहे. त्या पाथरीच्या लढाईच्या कितीतरी आधी होऊन गेल्या, पण दळणाचे कष्ट तेच होते.

संत लूकच्या शुभवर्तमानात शिपाईच योहानाकडे येऊन आम्ही काय करावे, असे विचारतात. तो त्यांना शस्त्र टाकायला सांगत नाही. कोणाला लुबाडू नका, खोटे आळ घेऊ नका, आपल्या वेतनात समाधान माना, इतकेच सांगतो. शिपाईपणा हे स्वतःच पाप नव्हे, हे दाखवण्यासाठी ऑगस्टिन यांनी याच प्रसंगाचा आधार घेतला. आम्हांला त्यातला वेतनाचा मुद्दा अधिक बोचतो. योहान शिपायाच्या तलवारीबद्दल बोलत नाही, त्याच्या भाकरीबद्दल बोलतो. ती कोणाच्या घरून आली, एवढेच त्याला पाहायचे आहे. पाथरीतही भाकरी कोणाच्या तरी चुलीवरूनच आली असणार, आणि हे विचारणाऱ्याच्या कुतूहलाला डोळ्यांची वासना म्हणायला आम्ही तयार नाही.