योसेफाचें कोठार

इ. स. २०२० च्या मार्च महिन्यांत देशांत टाळेबंदी झाली, आणि थोड्याच दिवसांत पुणें-नगर रस्त्यानें डोक्यावर बोचकीं व कडेवर मुलें घेतलेले मजूर पायींच आपापल्या गांवीं जाऊं लागले, हें वाचकांच्या स्मरणांत असेलच. आमचें गांव त्या रस्त्यापासून फार दूर नाहीं. आमच्या लहानशा मंडळीनें घरोघर फिरून ज्वारी, तांदूळ, डाळ व गूळ जमा केला. धान्य जमलें, आणि तें कसें वांटावें यावर पंचांत वाद उत्पन्न झाला. वडील पंचांपैकीं एकाचें म्हणणें असें पडलें कीं, पिशवीबरोबर शुभवर्तमानाची एक पत्रिका द्यावी, लहानशी प्रार्थना करावी, आणि कोणास किती दिलें त्याची नांवनिशीवार यादी ठेवावी. त्यावर शाळेंत शिक्षक असलेला एक तरुण पंच म्हणाला, "काका, उपाशी माणसापुढें पिशवी धरून आपण प्रार्थना केली, तर तो डोळे मिटील तो देवासाठीं कीं पिशवीसाठीं? उद्यां लोक म्हणतील, हे अजूनहि भाकरी देऊन बाटवतात."

त्या शेवटल्या शब्दासरशीं सभा गप्प झाली. आमच्यापैकीं प्रत्येकाच्या घरांत तो शब्द तीन-चार पिढ्या ऐकलेला आहे.

या बाबतींत दोन तयार उत्तरें आपल्याकडे चालतात. एक सभामंचावरचें: मिशन म्हणजे इंग्रजी राज्याचा डावा हात, उजव्या हातानें लुटलें, डाव्यानें चतकोर दिला आणि त्या चतकोरावर माणूस विकत घेतला. दुसरें आमच्या जुबिलीच्या भाषणांतलें: मिशनरी साहेबांनीं केवळ प्रेमानें सर्व दिलें, आणि त्याविषयीं प्रश्न विचारणें म्हणजे कृतघ्नपणा. दोन्ही उत्तरें सोयीचीं आहेत, आणि म्हणूनच मला तीं संशयास्पद वाटतात.

उत्पत्तीच्या पुस्तकांतील योसेफाची गोष्ट आपण लेंकरांस मोठ्या आवडीनें सांगतों. सात वर्षें सुकाळाचीं, सात दुष्काळाचीं, आणि एका माणसाच्या दूरदृष्टीनें वांचलेला मिसर देश. परंतु सत्तेचाळिसावा अध्याय आपण लेंकरांपुढें बहुधा उघडीत नाहीं. योसेफानें तें धान्य भुकेल्यांना फुकट दिलें नाहीं. आधीं त्यांचा पैसा घेतला. पैसा सरल्यावर गुरेंढोरें घेतलीं. गुरें सरल्यावर जमिनी घेतल्या, आणि अखेरीस तीं माणसेंच फारोचीं दास झालीं. पेरणीस बीं दिलें तें पिकाचा पांचवा हिस्सा फारोस देण्याच्या बोलीनें. आणि लोकांनीं योसेफाचे आभार मानले! ते खोटे नसतील. जीव वांचला होता. पण आभार मानल्यानें जमीन परत येत नाहीं. याच अध्यायांत आणखी एक बारीक गोष्ट आहे. याजकांच्या जमिनी तेवढ्या घेतल्या गेल्या नाहींत, कारण त्यांना फारोकडून शिधा नेमून दिलेला होता. ज्या धर्मसेवकाचें पोट राजाच्या कोठारांतून भरतें, तो त्या कोठाराविषयीं काय बोलेल, हें शास्त्रानें लिहून ठेवलेलें नाहीं. तें ओळखण्याचें काम आमच्यासारख्या पाळकांवर सोंपविलेलें दिसतें.

आमच्याकडचा इतिहास मिसराहून अधिक गुंतागुंतीचा आहे. राज्यकर्ते आणि मिशनरी पहिल्यापासून एकाच ताटांत जेवत होते, हें खरें नव्हे. ईस्ट इंडिया कंपनीला मिशनरी नको होते; धर्माच्या गोष्टींनीं व्यापार बिघडेल अशी तिला भीति. म्हणून विल्यम केरी यांना इ. स. १८०० मध्यें डेन्मार्कच्या ताब्यांतील सेरामपूर येथें आसरा घ्यावा लागला. १८१३ च्या फेब्रुवारींत गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईस उतरले, तेव्हां त्यांना परत घालविण्याचाच सरकारचा बेत होता. त्याच वर्षीं पार्लमेंटानें कंपनीची सनद नवी करतांना मिशनऱ्यांना वाट मोकळी केली. पुढें मात्र शाळांना सरकारी अनुदान आलें, कलेक्टरांच्या बंगल्यावर जाणेंयेणें आलें, आणि घरोबा वाढत गेला. घरोब्याचा एक परिणाम असा होतो कीं, भला माणूस खोटें बोलत नाहीं, परंतु कांहीं प्रश्न विचारावयाचे विसरतो.

१८९६-९७ आणि लगेच पुन्हां १८९९-१९०० असे दोन दुष्काळ दख्खनवर कोसळले. पाऊस गेला हें खरें. पण पाऊस त्यापूर्वींहि जात असे. बाजारांत धान्य होतें, तें आणावयास आगगाडी होती. नव्हता तो मजुराच्या हातांत पैसा. जमिनीचा सारा तीस वर्षांच्या मुदतीनें रोख ठरलेला असे. पीक बुडालें तर तहकुबी मिळेलच असा भरंवसा नव्हता, म्हणून कुणबी सावकाराच्या दारीं बसे. आणि कुणब्याच्या शेतावर राबणाऱ्या महार-मांगांना तर सावकारहि दारांत उभा करीत नसे. रमेशचंद्र दत्त यांनीं १९०० सालीं लॉर्ड कर्झन यांस खुलीं पत्रें लिहून सारा आणि दुष्काळ यांचा संबंध दाखविला. 'केसरी'नें १८९६ च्या दुष्काळांत शेतकऱ्यांना सरकारी दुष्काळी नियमांतील त्यांचे हक्क समजावून सांगितले.

या काळांत आमचे मिशनरी काय करीत होते? धान्य वांटीत होते, लोकांना काम काढून देत होते, अनाथ मुलें गोळा करीत होते. अमेरिकेंतील ख्रिस्ती लोकांनीं जमविलेला मका १९०० सालीं 'क्विटो' नांवाच्या जहाजानें मुंबईस आला. नगरचे रॉबर्ट ह्यूमसाहेब यांना दुष्काळांतील श्रमांबद्दल सरकारनें कैसर-इ-हिंद पदक दिलें. त्या श्रमांविषयीं मला तिळमात्र शंका नाहीं. त्यांमुळें किती जीव जगले हें देव जाणे. परंतु त्या पदकापाशीं मन थबकतें. ज्या हातानें सारा घेतला, त्याच हातानें भाकरी वाढणाऱ्याच्या छातीवर पदक लावलें. आणि सारा व भाकरी हीं दोन्ही एका पानावर मांडून हिशेब विचारण्याचें काम बहुतेक इतरांकडेच राहिलें.

तो हिशेब विचारणारे ख्रिस्ती सेवक झालेच नाहींत असें नव्हे. आपला प्रांत सोडून थोडें बंगाल्याकडे पाहूं. तेथें निळीचे गोरे मळेवाले रयतेवर जुलूम करीत; दीनबंधु मित्र यांच्या 'नीलदर्पण' नाटकांत तो दाखविला आहे. त्याचें इंग्रजी भाषांतर जेम्स लाँग या मिशनऱ्यानें प्रसिद्ध केलें, म्हणून १८६१ सालीं कलकत्त्याच्या कोर्टानें त्यास एक महिन्याची कैद व एक हजार रुपये दंड ठोठावला. दंड भरला तो कालीप्रसन्न सिंह या हिंदु गृहस्थानें. कैद मात्र लाँगसाहेबांनीं स्वतः भोगली. आपल्याकडे पंडिता रमाबाई. त्यांनीं तरुणपणींच दुष्काळांत आईबाप व बहीण गमावलेली. १८९६-९७ च्या दुष्काळांत त्या मध्य प्रांतांत गेल्या, निराधार स्त्रिया व मुली घेऊन आल्या, आणि तेथील सरकारी छावण्यांत बायकांचे कसे हाल होतात तेंहि त्यांनीं लिहून प्रसिद्ध केलें. १८९७ सालीं पुण्याच्या प्लेगच्या बंदोबस्तावर त्यांनीं वर्तमानपत्रांतून उघड टीका केली. त्यांनीं अन्न दिलें आणि तोंडहि उघडलें. माझ्या मतें पदकापेक्षां ती कैद आणि तें पत्र आमच्या मुलांना अधिक शिकविलें पाहिजे.

परंतु सर्व दोष परक्या सरकारच्या माथीं मारून मोकळें होणेंहि प्रामाणिकपणाचें नाहीं. महारवाड्यांतली भूक कंपनी सरकारच्या आधींची आहे. तिला राखण करणारे आपल्याच गांवांत होते. हें मला पुस्तकांतून कळलें नाहीं, घरांत कळलें.

माझ्या वडिलांची आई १९०० सालीं सहा-सात वर्षांची होती. तिचे आईबाप खडीच्या कामावर गेले ते परत आले नाहींत. पटकीनें गेले, असें ती सांगे. तिला व तिच्या भावाला कोणीं एका मिशनच्या अनाथाश्रमांत पोंचविलें. पहिल्या दिवशीं आंबील मिळाली. मग एका बाईनें वहींत नांव लिहावयास घेतलें. आजी म्हणे, "म्यां नाव सांगितलं, अन् तिनं लिवलं दुसरंच." तें दुसरेंच नांव आजीनें आयुष्यभर वापरलें, बाप्तिस्मा, लग्न, दफन सर्व त्याच नांवानें झालें. पहिलें नांव कोणतें, असें मीं लहानपणीं विचारलें तर ती म्हणे, "ते भुकेनं मेलं." त्या वहींतल्या बाईनें दुष्टपणा केला असें मी म्हणणार नाहीं. तिला तें नांव कदाचित् ऐकूं आलें नसेल, किंवा नव्या जन्मास नवें नांव हवें असें तिला मनापासून वाटलें असेल. पण आंबील पिणाऱ्या मुलीला "नको" म्हणण्याची सोय नव्हती, एवढें खरें. आणि त्याच आश्रमांत तिला अक्षरें मिळालीं, पंक्तींत बसून जेवण मिळालें, विहिरींत स्वतःच्या हातानें घागर बुडवावयास मिळाली. यांतलें एकहि तिच्या गांवानें तिच्या पूर्वजांना दिलें नव्हतें.

मग ती भाकरीसाठीं ख्रिस्ती झाली काय? होय, सहा वर्षांच्या उपाशी पोरीनें दुसऱ्या कशासाठीं व्हावें? मात्र दुष्काळ सरल्यावरहि ती सत्तरांहून अधिक वर्षें ख्रिस्ती राहिली, हेंहि टोमणा मारणाऱ्यांनीं धरावें. आणि धर्म बदलण्यांत लाभ आहे असें जे समजतात, त्यांनीं राष्ट्रपतींचा १९५० चा आदेश वाचावा. त्या अन्वयें अनुसूचित जातींच्या सवलती ख्रिस्ती झालेल्यास मिळत नाहींत. पुढें १९५६ सालीं शीखांना व १९९० सालीं बौद्धांना त्यांत घेतलें. ख्रिस्ती बाहेरच आहेत. भाकरीसाठीं यावयाचें म्हटलें तर हें दार आतां उलट्या बाजूस उघडतें.

योहानाच्या सहाव्या अध्यायांत, भाकरीसाठीं मागें लागलेल्या लोकांना प्रभूनें टोंकलें आहे, आणि वडील पंचांनीं त्याचा आधार घेतला. पण टोंकलें तें जेवूं घातल्यानंतर, दुसऱ्या दिवशीं. जेवणाआधीं त्यानें कोणाचें नांव विचारलें नाहीं. मोजदाद झाली ती जेवणाऱ्यांची, शिष्य झालेल्यांची नव्हे. आणि त्याच अध्यायाच्या शेवटीं पुष्कळ लोक त्याला सोडून गेले, तेव्हां खाल्लेल्या भाकरीचा हिशेब त्यांच्याकडे मागितल्याचें कोठेंहि लिहिलेलें नाहीं. भाकरी देणें हा अपराध नव्हे. भाकरीची वही आणि आत्म्यांची वही एकाच हातांत असणें, आणि कोठार रिकामें कोणीं केलें हें त्या हातानें न विचारणें, हा अपराध होय.

घेणाऱ्यासहि यांतून सुटतां येत नाहीं. ज्याचा पगार परदेशांतून येतो त्याची जीभहि हळूहळू तिकडचीच होते, हें नारायण वामन टिळक यांनीं ओळखलें, आणि १९१७ सालीं मिशनच्या पगाराचा त्याग करून 'देवाचा दरबार' मांडला. आम्ही त्यांचीं गीतें उपासनेंत गातों. त्यागाचा तो कागद मात्र आम्हीं कपाटांतच ठेवला.

१९७२ च्या दुष्काळांत माझी आई रस्त्याच्या कामावर खडी फोडावयास जात असे, आणि आजी माझ्या धाकट्या भावाला घेऊन झाडाखालीं बसे. तेव्हां रेशनवर तांबडी मिलो मिळे, आणि कामावर मुलांना सुकडी वांटीत. वि. स. पागे यांनीं तासगांवीं १९६५ सालीं करून पाहिलेली रोजगार हमीची कल्पना याच दुष्काळांत राज्यभर पसरली. पुढें १९७७ सालीं तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलांत आला. काम मागणें हा त्या दिवसापासून माणसाचा हक्क झाला. तें कोणाच्या दयेचें राहिलें नाहीं. आजी तो कायदा पाहावयास राहिली नाहीं. पण पहिल्या दिवशीं मुकादमानें तिच्या पदरांत सुकडी टाकली, तेव्हां ती हात जोडून उभी राहिली आणि तिनें विचारलें, "दादा, आधी काय म्हणायचं?"

मुकादमाला कळेना. तो म्हणाला, "काय म्हणायचं? काही नाही आजी, सरकारी आहे. पोराला चारा."

"नाव नाही लिवायचं?"

"पोराचं वय सांगा, झालं."

ती झाडाखालीं येऊन बसली. भावाला भरवून झाल्यावर तिनें डोळे मिटले आणि कोणी न सांगतां, हळूच, आपलें नेहमींचें उपकारस्तुतीचें गीत म्हटलें.

ही गोष्ट मीं त्या दिवशीं पंचांना सांगितली. वाद मिटला असें नाहीं. वडील पंचांचें मत आजहि तेंच आहे, आणि त्यांच्या प्रेमाविषयीं मला संशय नाहीं. परंतु रस्त्यावर पिशव्या घेऊन तेच सर्वांच्या पुढें उभे राहिले. संध्याकाळीं वही लिहावयास घेतली, तेव्हां तींत दोनच रकाने होते: किती पिशव्या आल्या, आणि किती गेल्या.