नवशिक्याचीं हत्यारें

कोणतीही कला शिकूं पाहणाऱ्या मनुष्यापुढें जो पहिला प्रश्न उभा राहतो, तो कलेचा नसून सामग्रीचा असतो. काय घ्यावें, किती घ्यावें आणि कोणत्या प्रतीचें घ्यावें, या विवंचनेंत त्याचे आरंभीचे दिवस जातात. हा प्रश्न केवळ सोयीचा व खर्चाचा आहे अशा समजुतीनें जाणते लोकही त्याला एखादी यादी लिहून देतात व मोकळे होतात. आमच्या मतें हा प्रश्न मूळांत नीतीचा आहे. काम बिघडलें असतां दोष कोणाचा, हें ओळखण्याचें सामर्थ्य शिकणाराच्या अंगीं येईल कीं नाहीं, हें त्याच्या पहिल्या हत्यारांवर पुष्कळसें अवलंबून असतें. अंगठी, अडकित्ता, कुंकवाचा करंडा अशा लहानसहान धातूच्या वस्तूंवर हातानें कोरीव काम करण्याची जी कला आहे, तिच्या उदाहरणानें हें विधान तपासून पाहूं.

या कामास वस्तुतः फार थोडें लागतें. पोलादाची एक बारीक सळई घ्यावयाची, तिचें एक टोक तिरपें घासून अणकुचीदार करावयाचें आणि दुसरें लांकडी मुठींत बसवावयाचें. ही झाली कोरणी. मूठ तळहातांत विसावते, अंगठा आधार देतो, आणि टोक पुढें रेटलें कीं त्याच्यापुढें धातूची केसासारखी तार निघत जाते. वस्तु धरावयास शेगडा, किंवा आपल्याकडील कारागीर वापरतात ती तापवून मऊ केलेली लाख, धार लावावयास निसणा, पाहावयास भिंग, आणि सरावास तांब्या-पितळेचे पत्रे. एवढ्यावर आरंभ होतो. परंतु बाजारांत पाहावें तों चौकोनी, शंकरपाळी, चपट्या, गोल व सुरीसारख्या तोंडांच्या नाना कोरण्या मांडलेल्या असतात; शिवाय कठीण मिश्रधातूंचीं टोकें असतात, आणि हवेच्या दाबानें टोकाला आपोआप ठोके देणारीं यंत्रेंही असतात. हें सर्व पाहून नवशिक्यास वाटूं लागतें कीं, या प्रत्येक वस्तूंत थोडथोडें कौशल्य भरून ठेविलेलें आहे व किंमत मोजली कीं तें आपल्या हातांत उतरेल.

'नाचतां येईना अंगण वांकडें' या म्हणीनें आपण अशा मनुष्याची नेहमीं थट्टा करतों. पण म्हणीनें एक गोष्ट गृहीत धरली आहे. ती ही कीं, अंगण सपाटच असतें. व्यवहारांत तें कधीं कधीं खरोखरच वांकडें असतें. नवशिक्याची खरी अडचण अशी कीं, या दोहोंतला भेद त्याला करतां येत नाहीं. कोरतां कोरतां रेघ मधेंच निसटली. टोक मोडलें होतें काय? धारेचा कोन चुकला होता काय? हात अधिक निजला होता, कीं वस्तूच ढिली बसली होती? मुरलेला कारागीर हें हाताला लागणाऱ्या स्पर्शावरून ओळखतो. नवशिक्याजवळ बारा कोरण्या असल्या तर तो ही खालीं ठेवून दुसरी उचलतो, ती निसटली कीं तिसरी घेतो. संध्याकाळ होते, आणि स्वतःच्या हाताविषयीं त्याला सकाळीं होतें त्याहून तिळभरही अधिक ज्ञान झालेलें नसतें. एकच कोरणी असली तर पळवाट बंद होते. मग त्याला कळूं लागतें कीं, वळणदार रेघ काढतांना कोरणी वळवावयाची नसून डाव्या हातानें वस्तु फिरवावयाची असते. हें ज्ञान तेराव्या कोरणीनें आलें नसतें.

जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूरर हा न्यूरेंबर्गच्या एका सोनाराचा मुलगा. बापाच्याच दुकानांत त्याचा हात प्रथम धातूवर बसला. १५१४ सालीं त्यानें तांब्याच्या पत्र्यावर कोरलेलें 'मेलेंकोलिया' हें चित्र प्रसिद्ध आहे. पंख असलेली एक स्त्री गालाला हात लावून बसली आहे. हातांत कंपास आहे, पायाशीं करवत, रंधा, खिळे पडले आहेत, आणि काम मात्र कांहींच चाललेलें नाहीं. या चित्राचे अर्थ पंडितांनीं अनेक लाविले आहेत. साध्या डोळ्यांना त्यांत दिसतें तें इतकेंच कीं, साधनांची रेलचेल आहे आणि हात थांबला आहे. हें खिन्न दृश्य ज्यानें कोरलें, त्याचा हात मात्र त्या वेळीं कोरणीवर चालत होता.

यावरून आम्ही दारिद्र्याचे गोडवे गात आहों असें कोणीं समजूं नये. भिकार हत्यार हें बारा हत्यारांहूनही वाईट. कच्च्या पोलादाचें टोक घटकेंत बोथट होतें. बोथट टोकाला अधिक जोर लागतो. आणि जोरानें निसटलेलें टोक वस्तु धरणाऱ्या डाव्या हातांत शिरतें. अशा हत्याराशीं झगडणारा मनुष्य सहनशील होईल, पण कारागीर होईलच असें नाहीं. तेव्हां हत्यारें थोडीं असावीं, पण चांगलीं असावीं. आणि त्यांहूनही चांगला निसणा असावा. टोकाचा तिरपा माथा सुमारें ४५ अंशांचा हवा व खालच्या अंगास टांचेसारखी किंचित् उचल हवी. तें टोक अंगठ्याच्या नखावर हलकेंच टेकवावें, रुतलें तर धार आहे, घसरलें तर नाहीं. कठीण मिश्रधातूचें टोक धार पुष्कळ वेळ धरतें खरें. पण तें ठिसूळ असतें आणि त्याला धार लावावयास हिऱ्याची पूड बसविलेलें चाक लागतें. म्हणून आरंभीं साधें पोलादच बरें. ज्यानें आपली धार आपण लाविली, त्यानें आपलें अंगण सपाट आहे हें स्वतः पाहिलेलें असतें. त्यानंतर नाच बिघडला तर दोष कोठें शोधावा, हें त्याला कोणीं सांगावें लागत नाहीं.

इतका काथ्याकूट या कलेविषयींच कां, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर असें कीं, या कलेंत चूक परत घेतां येत नाहीं. शाईनें लिहिलेला शब्द खोडतां येतो, माती पुन्हा मळतां येते. परंतु धातूंतून निघालेला कण परत बसत नाहीं. शिवाय ती वस्तु बहुधा दुसऱ्याची असते. आपल्याकडे आहेराच्या भांड्यांवर देणाराचें नांव व तारीख घालण्याची चाल आहे. देणारा जातो, घेणारा जातो, आणि नातवंडांच्या घरीं त्या तांब्यावर तें नांव राहतें. त्यांतलें एक अक्षर बिघडविण्याचा अधिकार नवशिक्यास कोणीं दिला? म्हणून सरावाचा स्वस्त पत्रा, जो बिघडविण्याचा आपणांस पूर्ण हक्क आहे, तो आम्ही सामग्रींत पहिला मानतों. तो न घेतां उंची कोरण्या घेणारा मनुष्य आपल्या शिक्षणाचा खर्च दुसऱ्याच्या वस्तूवर टाकीत असतो.

यंत्राविषयींचा आक्षेपही विचारांत घेतला पाहिजे. आज कित्येक कुशल कोरक्ये हवेच्या दाबाचीं यंत्रें वापरतात, आणि त्यांचें काम हिणकस ठरत नाहीं. ज्याचें मनगट वयानें वा आजारानें दुबळें झालें आहे, त्याच्यावर तर यंत्राचे उपकारच आहेत. यंत्र पाप आहे असें आमचें म्हणणें नाहीं. यंत्र आपल्या ऐवजीं नेमकें काय करीत आहे हें ज्याला कळतें, त्यानें तें खुशाल वापरावें. जें आपल्याला कधीं करतांच आलें नाहीं, तें यंत्राकडून करवून घेणाराला मात्र झालेल्या कामांत स्वतःचा वांटा किती, हें सांगतां येत नाहीं. आणि चुकलेल्या कामांतलाही सांगतां येत नाहीं.

महाराष्ट्राच्या इतिहासांत याचें एक बोलकें उदाहरण आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस पुण्याच्या दरबारीं चार्लस मॅलेट हा इंग्रजांचा वकील असतां, त्याच्या प्रोत्साहनानें एका तांबटास तांब्याच्या पत्र्यावर अक्षरें कोरण्याचें शिक्षण मिळालें. पुढें मिरजेस गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयानें १८०५ सालीं, अशा कोरलेल्या पत्र्यांवरून गीता छापून निघाली. तांबटाच्या घरीं हातोडी-छिन्नी पिढ्यान्‌पिढ्या असतेच. छापण्यासाठीं अक्षर उलटें कोरावें लागतें, तें त्याला शिकावें लागलें. आणि त्या गीतेच्याच अठराव्या अध्यायांत कर्माचीं पांच कारणें सांगितलीं आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, नाना प्रकारच्या चेष्टा आणि दैव. करण म्हणजे साधन. त्याला तेथें मानाचें स्थान आहे. सर्व श्रेय एकट्या कर्त्यानें घेऊं नये असा त्या विवेचनाचा रोख आहे. पण पांचांतला एक वांटा साधनाचा असला, तरी कर्त्याचा वांटा त्याच्या माथीं मारण्याची सवलत त्यांत कोठेंही नाहीं. नवशिक्यानें एक चौकोनी कोरणी, एक निसणा, एक भिंग आणि तांब्याचे दहा पत्रे घ्यावे. ते दहाही पत्रे बिघडले म्हणजे, अकरावा घ्यावा कीं दुसरी कोरणी, याचें उत्तर तोच देऊं शकेल.