धावायला फुरसत कुणाला?

२९ नोव्हेंबर २०२० रोजी दिल्लीच्या अर्धमॅरेथॉनमध्ये बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे १ तास ३० सेकंदांत २१ किलोमीटरहून अधिक धावला. सरासरी दर किलोमीटरला २ मिनिटं ५२ सेकंद. हे अंतर ६१ मिनिटांच्या आत कापणारा तो पहिला भारतीय. त्याचे आईवडील वीटभट्टीवर राबलेले आणि तो स्वतः बारावीनंतर महार रेजिमेंटमध्ये भरती झालेला.

दीडशे वर्षांपूर्वीच्या लंडनमध्ये असं घर खेळाडूच्या आड आलं असतं. मार्च १८६६ मध्ये अॅमॅच्युअर अॅथलेटिक क्लबने तिथे ब्यूफोर्ट हाउसच्या मैदानावर पहिली अजिंक्यपद स्पर्धा भरवली. ऑक्सफर्ड-केंब्रिजची तरुण मंडळी तिच्या केंद्रस्थानी होती. क्लबच्या नियमांनी पैशासाठी धावणाऱ्यांना बाहेर ठेवलंच, शिवाय यंत्रकामगार, कारागीर आणि मजूर यांनाही हौशी मानायला नकार दिला. हाताने कष्ट करणारा माणूस हौसेने धावू शकतो, हेच त्यांना मान्य नव्हतं.

१८८० मध्ये ऑक्सफर्डला अॅमॅच्युअर अॅथलेटिक असोसिएशन स्थापन झाली आणि मजुरांवरची ही बंदी उठली. पण धावून कमवायचं नाही, ही अट राहिली. वरकरणी ही अट सगळ्यांना सारखीच होती. प्रत्यक्षात सरावासाठी एक दिवस काढायचा तर श्रीमंताचं काही जात नाही, मजुराचा रोज बुडतो. खेळाच्या शुचितेची किंमत गरिबाच्या खिशातून वसूल होत होती. बक्षिसाच्या लोभाने खेळ नासतो, ही भीती खोटी नव्हती. चुकला तो उपाय.

हीच अट घेऊन खेळ आपल्याकडे आला. मार्च १९५१ मध्ये दिल्लीच्या नॅशनल स्टेडियमवर पहिले आशियाई खेळ झाले. मुंबईच्या लेव्ही पिंटो यांनी १०० आणि २०० मीटर अशी दोन्ही सुवर्णपदकं जिंकली. स्वतंत्र देशाने अकरा राष्ट्रांचे खेळ आपल्या राजधानीत भरवले, ही गोष्ट मोठीच होती. तरी पदकापलीकडे धावपटूचं पोट कसं भरायचं, याचं उत्तर त्या नियमांपाशी नव्हतं.

जागतिक अॅथलेटिक्स महासंघाने २००१ मध्ये आपल्या नावातून ‘अॅमॅच्युअर’ म्हणजे ‘हौशी’ हा शब्द काढला. आज धावपटू उघडपणे कमावू शकतो. पण कमाई जिंकल्यावर येते आणि सराव त्याआधी कित्येक वर्षं करावा लागतो. त्या वर्षांचा खर्च कोण उचलणार? साबळेच्या बाबतीत तो लष्कराने उचलला. पगार, जेवण, प्रशिक्षक आणि धावायला वेळ मिळाला, म्हणून २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये त्याने ८ मिनिटं ११.२० सेकंदांत रौप्य जिंकलं. सुवर्ण केवळ ०.०५ सेकंदाने हुकलं.

लष्करात न जाणाऱ्या मुलामुलींचं काय? त्यांना जिंकल्यावर हारतुरे घालण्याआधी तालुक्याला साधी धावपट्टी, पोटभर खाणं आणि सरावाच्या वर्षांत घराला आधार देणारी शिष्यवृत्ती द्यायला हवी. आपल्या जिल्हा परिषदेला, आमदाराला, गावच्या कारखान्याला हे विचारा. नियमांतून मजुरांवरची बंदी १८८० मध्ये उठली, व्यवहारातून ती उठवणं आपल्या हाती आहे.