न मागितलेलं पुस्तक

हे वाचायला दहा-पंधरा मिनिटं लागतील. तेवढा वेळ हाताशी नसेल तर आत्ता बाजूला ठेवा, रात्री मागचं आवरलं की घ्या. फोन दुसऱ्या खोलीत राहू द्या.

निवांत टेकून बसा आणि आपल्या गावातलं एखादं पुस्तकांचं दुकान आठवा. मोठ्या साखळीतलं नको, मॉलमधलं नको. एका माणसाने किंवा एका कुटुंबाने चालवलेलं, गल्ल्यामागचा माणूस तुम्हाला निदान चेहऱ्याने ओळखतो असं. पुण्यात राहत असाल तर अप्पा बळवंत चौकातलं असेल, किंवा डेक्कनवरचं, १९३१ साली सुरू झालेलं इंटरनॅशनल बुक सर्व्हिस. मुंबईत दादरचं, गिरगावातलं, फोर्टातलं. गाव लहान असेल तर पुढे वह्या, कंपासपेट्या, तपकिरी कागदाचे रोल आणि मागच्या भिंतीला कथा-कादंबऱ्यांचं एकच कपाट. ते कपाटही चालेल.

आठवलं? मग मनाने त्याच्या पायरीशी उभे राहा. लगेच आत जाऊ नका.

आधी खिशातली यादी काढून बघा. दुकानात जाताना आपल्याकडे बहुतेक वेळा यादी असते. कुणी सुचवलेलं नाव, रविवारच्या पुरवणीत परीक्षण आलेली कादंबरी, मुलीच्या अभ्यासक्रमाला लागलेलं पुस्तक. यादी असावीच. पण जे आपल्याला आधीपासून ठाऊक आहे तेवढंच यादीत येतं. तेव्हा यादी परत खिशात ठेवा आणि स्वतःला एक प्रश्न विचारा. उत्तराची घाई करू नका. माझ्या मनात घर करून राहिलेलं एक पुस्तक कोणतं, आणि ते माझ्यापर्यंत आलं कसं?

पुस्तकाचं नाव चटकन सुचेल. ते कसं आलं हे आठवायला मात्र वेळ लागेल. आईच्या कपाटात सापडलं होतं? शाळेतल्या बाईंनी मे महिन्यात वाचायला दिलं होतं? एसटी उशिरा होती म्हणून स्टँडवरच्या स्टॉलवर घेतलं होतं? मैत्रिणीने दिलं आणि परत करायचं राहूनच गेलं? पुष्कळांच्या लक्षात येईल की ते पुस्तक त्यांनी मागितलेलं नव्हतं. दुसरंच काही शोधताना ते हाताला लागलं, किंवा कुणीतरी हातात ठेवलं. तो माणूस कोण होता? त्याचा चेहरा नीट आठवेपर्यंत पुढचा परिच्छेद वाचू नका.

आता आत या.

रस्त्यावरच्या उन्हातून आल्यावर डोळे स्थिरावायला थोडा वेळ लागतो, तेवढा द्या. मग एका कपाटापाशी उभे राहा. कण्यांवरची नावं काही वरून खाली छापलेली, काही खालून वर, त्यामुळे मान एकदा उजवीकडे वळते, एकदा डावीकडे. वळू द्या. सगळी नावं वाचायची गरज नाही. नजर जिथे अडेल तिथे अडू द्या.

हात लावायला संकोच करू नका. एका दुकानात पुस्तकं हाताळू दिली नाहीत, ते मनाला लागलं आणि त्यातून टी. एन. शानभागांनी स्वतःच दुकान काढायचं ठरवलं, वाचकाला हवं ते पुस्तक मनसोक्त चाळता येईल असं. १९४८ साली कुलाब्याच्या स्ट्रँड थिएटरातल्या एका कोपऱ्यात स्ट्रँड बुक स्टॉल सुरू झाला. पुढे तो फोर्टात आला आणि मुंबईच्या दोन-तीन पिढ्या तिथे उभ्याने वाचायला शिकल्या. २००३ साली या पुस्तकविक्रेत्याला पद्मश्री मिळाली. फेब्रुवारी २०१८मध्ये दुकान बंद झालं. पुस्तक हातात घेऊन चाळायची मोकळीक आपण गृहीत धरतो. ती कुणीतरी ठरवून दिलेली असते.

कुठलंही एक पुस्तक बाहेर काढा. मुखपृष्ठ आणि मलपृष्ठावरचा मजकूर नंतर बघू. आतली दोन-तीन पानं उलटा आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता असलेल्या पानावर थांबा. हे पान सहसा कुणी वाचत नाही. आज ओळ न् ओळ वाचा.

प्रकाशकाचा पत्ता बघा. कित्येकदा तो सदाशिव पेठेतल्या नाहीतर गिरगावातल्या एखाद्या जुन्या इमारतीचा असतो. अक्षरजुळणी कुणी केली ते बघा. मुद्रितशोधन कुणी केलं, म्हणजे ऱ्हस्वदीर्घापायी कुणाचे डोळे शिणले, ते बघा. छपाई कुठे झाली. मुखपृष्ठ कुणाचं. जुनं पुस्तक असेल तर तिथे कदाचित दीनानाथ दलालांचं नाव भेटेल, नंतरचं असेल तर सुभाष अवचटांचं. लेखकाचं नाव बाहेर ठळक असतं. बाकीची माणसं या एका पानावर, बारीक टायपात, दाटीवाटीने बसलेली असतात.

मग आवृत्त्यांच्या तारखा. पहिली आवृत्ती अमुक साली, दुसरी तमुक साली. दोन सालांमध्ये वीस वर्षांचं अंतर असेल तर त्या वीस वर्षांचा विचार करा. मराठीत हजार-अकराशे प्रतींची आवृत्ती हा वर्षानुवर्षांचा रिवाज, हल्ली त्याहूनही कमी काढतात. २०११च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे लोक होते ८ कोटी ३० लाख. हजार प्रती धरल्या तर साधारण ऐंशी हजार माणसांमागे एक प्रत पडते. यावर चिडायचं किंवा हळहळायचं नाही, ते आपण परिसंवादात पुष्कळ केलं आहे. हा आकडा नुसता डोळ्यांपुढे राहू द्या. ऐंशी हजारांतली ती एक प्रत या क्षणी तुमच्या हातात आहे.

आता गल्ल्याकडे जा.

चांगला पुस्तकविक्रेता तुम्हाला काय हवं हे लगेच विचारत नाही. तो विचारतो, याआधीचं काय आवडलं होतं? समजा तुम्ही म्हणालात, व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’. १९५५ची ही छोटी कादंबरी, माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला आलेल्या तरुण मास्तराची. ती आवडली म्हटल्यावर जाणता माणूस ‘माणदेशी माणसं’ तर काढेलच, पण कदाचित आनंद यादवांची ‘गोतावळा’ही पुढे ठेवेल. तिच्यातला नारबा हा शेतावरचा गडी, जनावरं हाच त्याचा गोतावळा, आणि शेतात ट्रॅक्टर येतो. एका पुस्तकाच्या पोटात दुसऱ्याकडे जाणारी वाट असते. ती दाखवणारा माणूस दुकानात असला की दुकान वाचतं आणि वाचकही.

मनातल्या मनात तुम्हीच थोडा वेळ त्या गल्ल्यामागे बसा. समोर कोण कोण येतं? नुकत्याच निवृत्त झालेल्या, आता वेळच वेळ आहे म्हणणाऱ्या बाई आल्या, तर त्यांना काय द्याल? मी दुर्गा भागवतांचं ‘ऋतुचक्र’ देईन. बारा महिन्यांवरचे बारा लेख, चैत्रापासून. आणि सांगेन, एका दमात वाचू नका. महिना लागला की त्या महिन्याचा लेख वाचा आणि मग खिडकीबाहेर किंवा टेकडीवर ते दिसतं का बघा. पुस्तक वाचायला एक वर्ष लागेल.

घरात आजी आहे, तिला आता दिसत नाही, असं सांगणारा नातू आला, तर लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. शाळेची पायरी न चढलेल्या बाईंनी सांगितल्यासारखं लिहिलेलं आत्मचरित्र, पहिला भाग १९३४चा. मोठ्याने वाचून दाखवायला याच्याइतकं सोयीचं पुस्तक शोधून सापडणार नाही, कारण त्यातलं वाक्य न् वाक्य बोलण्यातून आलेलं आहे. रोज रात्री पाच पानं. आजीला हसू कुठे येतं ते नातवाने लक्षात ठेवावं.

आपल्याला सगळं ठाऊक आहे अशा थाटात कुणी आलं, तर दया पवारांचं ‘बलुतं’ आणि त्याला जोडून ऊर्मिला पवारांचं ‘आयदान’. पहिलं १९७८चं, दुसरं २००३चं. मध्ये पंचवीस वर्षं, आणि एका पुरुषाने सांगितलेल्या आयुष्याशेजारी एका बाईने सांगितलेलं आयुष्य. ही दोन पुस्तकं एकामागून एक वाचली की ज्या शहरात आणि ज्या गावात आपण राहतो त्याचा नकाशा बदलतो.

कविता कळत नाही म्हणणाऱ्याला अरुण कोलटकरांची ‘भिजकी वही’ द्यावी. एका बैठकीत एकच कविता, आणि कळली नाही तरी पान दुमडू नका, एवढी एकच अट.

तुमची यादी वेगळी असणार, असावीच. पण ती करताना काय होतं ते पाहिलंत? पुस्तकाआधी माणूस आठवावा लागतो. कुणाला काय द्यावं या विचारात आपल्याला काय आवडतं हा प्रश्न थोडा मागे पडतो. मला वाटतं, पुस्तक सुचवणं हा वाचनाइतकाच मोठा अभ्यास आहे. गिरगावात पुस्तकांचा स्टॉल चालवणारे मॅजेस्टिकचे केशवराव कोठावळे यांनी १९६४ साली ‘ललित’ मासिक काढलं, ते वाचकाला नवं काय आलंय आणि त्यातलं काय वाचण्याजोगं आहे हे सांगण्यासाठीच. जयवंत दळवी त्यात ‘ठणठणपाळ’ होऊन लेखकांच्या टोप्या उडवत. गल्ल्यावर बसून गिऱ्हाइकाशी होणाऱ्या गप्पा मासिक होऊन गावोगाव पोचल्या. ‘बलुतं’ काढणाऱ्या ‘ग्रंथाली’ने तर स्वतःला वाचकांची चळवळच म्हणवून घेतलं आणि पुस्तकं घेऊन महाराष्ट्रभर फिरली.

तुमच्या आठवणीतल्या दुकानातही संध्याकाळी काहीतरी घडत असेल. टेबलं भिंतीला सरकवून तीस-चाळीस खुर्च्या मांडलेल्या. कुणी नवी कथा वाचून दाखवतंय, कुणाचं प्रकाशन, कुठे अनुवादकाशी गप्पा. माइक अधूनमधून खरखरतो. पहिल्या रांगेत लेखकाचे नातेवाईक, शेवटच्या रांगेत दर कार्यक्रमाला येणारे आणि दर वेळी प्रश्नाऐवजी भाषण करणारे काका. त्यांच्यावर वैतागू नका. ते आले नाहीत अशा संध्याकाळी ती खुर्ची लक्षात येण्याइतकी मोकळी दिसते. कार्यक्रम संपल्यावर चहाचा कागदी कप हातात घेऊन दहा मिनिटं रेंगाळा. खरी शिफारस त्या दहा मिनिटांत होते. अनोळखी माणूस सहज विचारतो, अमुक वाचलंत का? आणि तुम्ही नाव लिहून घ्यायला पेन शोधता.

अशी जागा टिकते कशावर, याचाही विचार करून मगच बाहेर पडू. पुस्तकाच्या छापील किमतीतला एक हिस्सा विक्रेत्याचा. त्यात जागेचं भाडं, विजेचं बिल, हाताखालच्या मुलाचा पगार आणि कपाटात वर्षभर न हललेल्या पुस्तकांत अडकलेले पैसे. आपण ‘काही कमी करा की’ म्हणतो ते याच हिश्श्यातून. पुण्याच्या कॅम्पातलं मॅनीज २०१२ साली बंद झालं तेव्हा हळहळ पुष्कळांनी केली. हळहळणाऱ्यांपैकी कितीजणांनी तिथून शेवटचं पुस्तक कधी घेतलं होतं, हा प्रश्न ज्याने त्याने स्वतःला विचारायचा. दुसऱ्याला विचारायचा नाही.

उलटंही घडतं. मुंबईतल्या फोर्टातल्या किताबखान्याला डिसेंबर २०२०मध्ये आग लागली. पुस्तकं जळाली, उरलेली पाण्याने गेली. टाळेबंदीने आधीच कंबर मोडलेलं ते वर्ष. तरी मार्च २०२१मध्ये दुकान पुन्हा उघडलं. पुस्तकांचं दुकान पुन्हा उभं करावं असं कुणाला वाटतं, याचा अर्थ तिथे कुणीतरी परत येणार आहे याची त्याला खात्री असते. ती खात्री आपण आपल्या दुकानदाराला दिली आहे का? उत्तर ‘नाही’ आलं तरी अपराधी वाटून घेऊ नका. पाय मोकळे आहेत, दुकान अजून उघडं आहे.

म्हणून आता एवढंच करा. या आठवड्यात एका संध्याकाळी त्या दुकानात जा. यादीतलं एक पुस्तक घ्या. दुसरं गल्ल्यामागच्या माणसाला विचारून घ्या, छापील किमतीला. याआधी काय आवडलं होतं ते त्याला नीट सांगा, त्याला विचार करायला वेळ द्या आणि तो जे देईल ते नाव ओळखीचं नसलं तरी घ्या. वाचून झालं की परत जाऊन कसं वाटलं ते सांगा. नाही आवडलं तरी सांगा, तुम्हाला पुढचं पुस्तक कुठलं द्यायचं हे तो त्यावरूनच ठरवतो.