थोरल्याचे दुखणे

मुलीच्या लग्नाच्या घोषणा वाचल्या जाण्यापूर्वी धर्मग्रामातील एक माउली आमच्याकडे आली. (ही गोष्ट पापनिवेदनातली नव्हे, आणि खुणेचे तपशील आम्ही गाळले आहेत.) थोरला मुलगा दहा वर्षे स्किझोफ्रेनियाने आजारी, धाकटीची सोयरीक जमलेली. दार लोटून घेत तिने विचारले, "फादर, थोरल्याचं त्यांना सांगायलाच हवं का?" आम्ही म्हणालो, "त्यांनी विचारलं नाही, तर आपण होऊन कशाला सांगता?"

"रक्तातच आहे" या शब्दांची आपल्या समाजात केवढी दहशत! त्यांत तथ्य मुळीच नाही, असे नव्हे. कोणी बोलत नसता आवाज ऐकू येणे, कोणीतरी आपल्या जिवावर उठले आहे अशी अढळ समजूत, बोलण्यातली विसंगती, माणसांतून अंग काढून घेणे आणि हे महिनोन्महिने टिकणे, ही या व्याधीची लक्षणे. शास्त्रज्ञ तिची आनुवंशिकता सुमारे 80 टक्के मानतात. नैराश्याची त्याच्या निम्म्याच्या आसपास. मात्र 80 टक्के म्हणजे आजाऱ्याच्या शंभर मुलांपैकी ऐंशी आजारी, असा अर्थ नव्हे. या आजाराच्या बाबतीत समाजात माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यात जन्मजात भेदांचा वाटा किती, एवढेच तो आकडा सांगतो. आईबापांपैकी एक आजारी असला, तर शंभरातील दहाएक मुलांना हा आजार होतो. भाच्यांच्या बाबतीत हे प्रमाण शंभरात तीन-चार. ज्यांच्या घराण्यात कोणीही आजारी नाही, त्यांनाही तो अधूनमधून गाठतोच. 1930 साली अमेरिकेत जन्मलेल्या, 'जेनेन' या टोपणनावाने ओळखल्या जाणाऱ्या चार एकसारख्या बहिणी चौघीही आजारी पडल्या. तरीही चौघींचे दुखणे सारख्याच तीव्रतेचे नव्हते. एकीने तर संसार केला, मुलगे वाढवले.

ख्रिस्तसभेचा कायदाही येथे विवेक करतो. वैवाहिक जीवन गंभीरपणे विस्कटू शकेल अशी स्वतःची बाब संमती मिळवण्यासाठी कपटाने लपवली, तर तो विवाह अवैध ठरतो (1983 ची संहिता, कलम 1098). स्वतः वधू किंवा वर आजारी असेल, तर सांगितलेच पाहिजे. तेथे आम्ही कोणाची भीड ठेवत नाही. भावाचे दुखणे ही वधूची स्वतःची बाब नव्हे. म्हणजे कायद्याने आमचे उत्तर चुकले नव्हते.

पण लग्नाच्या दिवशी थोरला मंदिरात नव्हता. त्याला दोन दिवस आधीच मामाकडे पोहोचवले होते. जन्मांधाला पाहून 'पाप कोणाचे?' असे विचारणाऱ्या शिष्यांवर आम्ही उपवासकाळात किती प्रवचने दिली असतील! तो मुलगा घराण्याचा डाग नाही, हे आम्हांला ठाऊक होते; आणि तरी लपवण्याची वाट आम्हीच दाखवली होती. पुढे धाकटीचे माहेरी येणे कमी झाले. आली, तरी ती भावाच्या खोलीत जात नसे.

वर्षभराने सासरी कळले. त्या माउलीने आम्हांला सांगितले, विहीणबाई रागावल्या नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, "मग तो लग्नाला का नव्हता?"