ज्याला कळत नाही, त्याच्यासाठी

खुल्या प्रोटोकॉलला विस्तार जोडताना आधी विचार करायचा तो ज्याच्याकडे तो विस्तार नाही त्याचा. ज्याच्याकडे आहे, त्याचं ठीकच चालणार असतं.

जेरेमी मिलर यांनी १९९९ च्या जानेवारीत जॅबर हा निरोप पाठवण्याचा खुला प्रोटोकॉल जाहीर केला. २००४ मध्ये त्याचा गाभा एक्सएमपीपी या नावाने आयईटीएफ या इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या संस्थेने प्रसिद्ध केला. त्या गाभ्यात मोजक्याच गोष्टी आहेत : निरोप, हजेरी, आणि विचारलेल्याला उत्तर. गटातल्या गप्पा, पोच, जुन्या संदेशांचा साठा, टोकापासून टोकापर्यंतची कूटबद्धता हे सारं विस्तारांनी आणलं. अशा प्रत्येक विस्ताराच्या क्रमांकित दस्तऐवजाला एक्सईपी म्हणतात. जे सर्वांना लागतं तेवढंच गाभ्यात ठेवायला मोठा संयम लागतो.

गाभ्याचा एक नियम मला फार मोलाचा वाटतो. निरोपात अनोळखी नेमस्पेसचा, म्हणजे कुठल्या विस्ताराचा ते सांगणारं नावच ओळखीचं नाही असा, भाग आला तर तेवढा सोडून द्यायचा, बाकीचा घ्यायचा. प्रश्न मात्र कळला नाही तर तसं कळवायचं. न कळण्याची मुभा आहे, उत्तर न देण्याची नाही.

कोणी लिहिलं, ‘उद्या सातला ये’. मग सातचे आठ केले. एक्सईपी-०३०८ या विस्तारात दुरुस्तीचा संदेश जुन्या संदेशाचा आयडी सोबत नेतो. आणि मजकुरात नुसतं ‘आठ’ नसतं. ‘उद्या आठला ये’ हे अख्खं वाक्य असतं. ज्याच्या क्लायंटला दुरुस्ती कळते, त्याच्याकडे जुनी ओळ बदलते. ज्याच्या क्लायंटला कळत नाही, त्याला दोन ओळी दिसतात, पण तोही आठलाच पोहोचतो. बदललेलीच अक्षरं पाठवली असती तर चार बाइट वाचले असते आणि माणूस ताटकळला असता.

दुरुस्ती मूळ पाठवणाऱ्याचीच आहे ना, हेही ताडून पाहावं लागतं. नाहीतर कोणीही कोणाच्याही तोंडी शब्द घालील. प्रत्येक सोय वाईट हेतूच्या हातातही जाणार आहे, हे धरूनच ती लिहावी.

समोरच्याला काय येतं हे गृहीत धरू नये, विचारावं. पण लॉगिन होताच प्रत्येकाने प्रत्येकाला विचारलं तर सर्व्हरवर प्रश्नांचाच पूर येतो. म्हणून एक्सईपी-०११५ मध्ये क्षमतांच्या यादीचा हॅश, म्हणजे तिच्यावरून काढलेली छोटी खूण, हजेरीसोबत जातो; ओळखीचा हॅश दिसला की विचारायची गरज नाही. सभ्यपणालाही हिशेब लागतो.

पोच म्हणजे ‘मी इथे आहे’ अशी कबुली. ज्याला आपण हजेरी दाखवत नाही त्याला पोच गेली, तर हजेरीही गेली. म्हणून पोच मागता येते, तिच्यावर हक्क सांगता येत नाही. ‘लिहीत आहे’ ही खूण पाठवायची की नाही, हेही लिहिणाऱ्याच्याच हाती हवं.

पाठवलेला संदेश दुसऱ्याच्या यंत्रावरून पुसण्याची सक्ती प्रोटोकॉल करू शकत नाही. फक्त विनंती करू शकतो. जिथे विनंतीच शक्य आहे, तिथे वापरणाऱ्याला खात्रीचं वचन देऊ नये.

नव्या विस्तारांच्या नेमस्पेसच्या शेवटी आकडा असतो : ०, १, २. जुन्याशी न जुळणारा बदल केला की आकडाही बदलायचा. जुन्या नावाखाली नवा अर्थ खपवणं ही फसवणूकच, हेतू कितीही चांगला असो.

एखादा एक्सईपी ‘फायनल’ व्हायला किमान दोन वेगवेगळ्या अंमलबजावण्या लागतात, त्यांतली एक तरी मुक्त सॉफ्टवेअर असावी लागते. पहिली बहुधा लेखकाच्या डोक्यातून उतरते, दुसरी कागदावरून. कागदावर काय यायचं राहिलं, ते दुसरीच दाखवते. आपल्याला विचारल्याशिवाय कोणीतरी तो विस्तार नीट उभा करावा, यापरतं यश लेखकाला दुसरं नाही.

२००५ मध्ये गूगल टॉक याच प्रोटोकॉलवर आलं आणि पुढे बाहेरच्या सर्व्हरांशीही बोलू लागलं. २०१३ मध्ये हँगआउट्स आलं, त्यात ही वाट ठेवलेली नव्हती. सर्व्हर आणि क्लायंट दोन्ही एकाच मालकाचे असले की नवी सोय झटपट सर्वांपर्यंत जाते, आणि जुनी तितक्याच झटपट काढून घेतली जाते. दोन्ही गोष्टी एकाच अधिकारातून येतात. त्यातली एक ठेवून दुसरी नाकारता येत नाही.

खुल्या जाळ्यात असा अधिकार कोणालाच नाही. नवं आणणाऱ्याला हुकूम सोडता येत नाही; सर्व्हर लिहिणाऱ्याला, क्लायंट लिहिणाऱ्याला, सर्व्हर चालवणाऱ्याला एकेक करून पटवावं लागतं. त्यात वर्षं जातात, आणि तोवर लोकांची गैरसोय होते, हेही खरं. तरीही जे पटून स्वीकारलं गेलं, ते कोणा एकाच्या मर्जीने मागे घेता येत नाही. एवढ्यासाठी ती वर्षं द्यायची ज्याची तयारी असेल, त्याने विस्तार लिहायला घ्यावा.