भूकंपांचा नकाशा आणि पृथ्वीचे कोडे

भूकंप का होतो, हा प्रश्न माणसाने प्राचीन काळापासून विचारला. मात्र तो कोठे कोठे होतो, याची जगभरची नोंद ठेवण्याचे महत्त्व फार उशिरा ध्यानी आले, आणि या विषयातील ज्ञानाची खरी वाटचाल त्या नोंदीपासूनच सुरू झाली. सहाव्या शतकातील वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त पूर्वाचार्यांची मते दिली आहेत: कोणी पाण्यातील प्रचंड प्राण्यांना, कोणी पृथ्वीच्या भाराने थकलेल्या दिग्गजांना, तर कोणी वाऱ्यांच्या परस्पर आघाताला भूकंपाचे कारण मानत असे. ग्रीक तत्त्वज्ञ अ‍ॅरिस्टॉटल यानेही भूगर्भात कोंडलेल्या वायूकडे बोट दाखवले होते. निरीक्षण आणि कल्पकता या मतांत होती. परंतु जगभरच्या नोंदींशी ती ताडून पाहण्याचे साधन त्या काळी उपलब्ध नव्हते.

१७५५ मध्ये भूकंप, सागरी लाटा आणि आगी यांनी लिस्बन शहर उद्ध्वस्त केले, तेव्हा युरोपातील विचारवंतांना या प्रश्नाकडे नव्याने पाहावे लागले. त्यानंतर पाचच वर्षांनी जॉन मिचेल या इंग्रज अभ्यासकाने भूकंपाचा धक्का खडकांमधून लाटांच्या रूपाने पसरतो, असा विचार मांडला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास रॉबर्ट मॅलेट या आयरिश अभियंत्याने ज्ञात भूकंपांची विस्तृत सूची करून ते जगाच्या नकाशावर मांडले, आणि भूकंप सर्वत्र सारखे विखुरलेले नसून ठरावीक पट्ट्यांत एकवटलेले आहेत, हे स्पष्ट दिसू लागले. ज्वालामुखींची मोठी रांगही प्रशांत महासागराच्या काठाने, म्हणजे याच पट्ट्यांतून जात होती. मात्र पट्टे दिसले तरी ते तेथेच का आहेत, हे कोडे कायम राहिले.

१९०६ च्या सॅन फ्रान्सिस्को येथील भूकंपानंतर हॅरी रीड यांनी दाखवले की, भ्रंशाच्या, म्हणजे खडकांतील ज्या भेगेच्या दोन बाजू एकमेकींवरून सरकतात तिच्या, दोन्ही अंगांना वर्षानुवर्षे ताण साठत जातो आणि घर्षणाचा अडसर मोडताच तो एकदम मोकळा होतो. हा ताण कोण निर्माण करतो, याचा धागा १९१२ मध्ये आल्फ्रेड वेगेनर यांनी मांडलेल्या खंडवहनाच्या, म्हणजे खंड मूळ जागेवरून सरकतात या कल्पनेत होता. पण खंडांना सरकवणारी शक्ती वेगेनर यांना पटण्याजोगी दाखवता न आल्याने बहुतेक भूवैज्ञानिकांनी ही कल्पना नाकारली. कल्पना बरोबर असूनही पुराव्याअभावी तिला अर्धशतक थांबावे लागले.

तो पुरावा समुद्राने दिला. जपानच्या कियो वादाती यांनी १९३५ पर्यंत दाखवले होते की, भूकंपनाभी, म्हणजे भूकंप जेथे उगम पावतो ती भूगर्भातील जागा, महासागराकडून भूखंडाकडे जाताना अधिकाधिक खोल होत जाते. १९५० च्या दशकात मेरी थार्प आणि ब्रूस हीझेन यांनी अटलांटिकच्या तळाचे नकाशे काढले, तेव्हा सागरी पर्वतरांगेच्या माथ्यावरील दरीशी भूकंपांची रांग जुळत असल्याचे आढळले. १९६२ मध्ये हॅरी हेस यांनी या रांगांपाशी नवा सागरतळ जन्मतो आणि खोल गर्तांपाशी जुना तळ पुन्हा खाली जातो, अशी मांडणी केली. पुढच्याच वर्षी सागरतळावरील चुंबकीय पट्ट्यांच्या अभ्यासातून फ्रेडरिक व्हाइन आणि ड्रमंड मॅथ्यूज यांनी तिला आधार दिला. या साऱ्यांतून १९६७-६८ च्या सुमारास भूपट्ट सांरचनिकी हा सिद्धांत आकारास आला: पृथ्वीचे बाह्य कठीण कवच अनेक पट्टांत विभागलेले असून ते वर्षाला काही सेंटिमीटर गतीने सरकतात, आणि बहुतेक भूकंप त्यांच्या सीमांवर होतात.

ज्वालामुखींचे कारणही याच चौकटीत सापडले. पट्ट जेथे दूर होतात तेथे खालील प्रावरणावरचा, म्हणजे कवचाखालच्या जाड थरावरचा, दाब घटून खडक वितळतो; जेथे एक पट्ट दुसऱ्याखाली जातो तेथे त्याच्यातून सुटणारे पाणी वरच्या प्रावरणाचा वितळणबिंदू उतरवते आणि शिलारस तयार होतो. जपान, इंडोनेशिया आणि अँडीज पर्वतातील ज्वालामुखी असे घडले. उलट, भारतीय आणि युरेशियन पट्टांच्या सीमेवर दोन्ही बाजूंनी जमिनीचेच कवच भिडत असल्याने हिमालयात मोठे भूकंप होतात, पण ज्वालामुखींची रांग नाही. पट्टाच्या मधोमध असलेल्या हवाई बेटांसाठी टूझो विल्सन यांनी १९६३ मध्ये खोलवरच्या तप्तस्थळाची, म्हणजे प्रावरणातील विशेष तप्त जागेची, कल्पना मांडली. दख्खनच्या पठाराचा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा बेसाल्टही अनेक अभ्यासक अशाच, आज रीयूनियन बेटाखाली असलेल्या, तप्तस्थळाशी जोडतात.

तथापि, हा सिद्धांत आकार घेत असतानाच, ११ डिसेंबर १९६७ रोजी, पट्टसीमेपासून दूर, महाराष्ट्रातील कोयना धरणाच्या परिसरात सुमारे ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला, आणि जलाशयातील पाण्याचा भार व खोल झिरपणारे पाणी आधीच ताणलेल्या भ्रंशांना चालना देऊ शकते, हे जगाच्या अभ्यासाचा विषय झाले. ३० सप्टेंबर १९९३ रोजी महाराष्ट्रातीलच किल्लारीचा परिसर भूकंपाने हादरला, तेव्हा तो भाग भूकंपक्षेत्रांच्या तत्कालीन नकाशात सर्वांत कमी धोक्याचा मानला जात होता. तेथे सुमारे दहा हजार माणसे दगावली, आणि त्यांतील बहुतेकांचा जीव दगडमातीच्या जाड भिंती व माळवदाचे जड छत कोसळल्याने गेला. सीमांवर साठणारा ताण पट्टाच्या आतपर्यंत पोहोचतो आणि जुन्या, झाकलेल्या भ्रंशांवर मोकळा होतो, हे या घटनांनी अधोरेखित केले.

भूकंप कोठे अधिक संभवतो, हे आज सांगता येते. तो नेमका कधी होईल, हे सांगता येत नाही. म्हणूनच कमी धोक्याचे क्षेत्र म्हणजे निर्धोक क्षेत्र, असा अर्थ महाराष्ट्राने कधीही घेऊ नये, आणि प्रत्येक घर, शाळा व दवाखाना भूकंपाचा धक्का सोसेल असाच बांधावा.